तहानलेले लातूर आणि नगरसंस्थेचा अधिकार

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी दहा वाघिणींत भरून आलेली रेल्वेगाडी लातूरच्या स्थानकात उभी राहिली, तेव्हा मांजरा धरण आटले होते, नळ केव्हाच कोरडे पडले होते, आणि पाणी भरण्याच्या जागी दंगा होऊ नये म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना त्यापूर्वीच १४४ व्या कलमान्वये जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. अशा समयी नागरिकांची दृष्टी प्रथम महानगरपालिकेकडे वळते, आणि ते यथार्थच आहे. कारण शहरास पाणी पुरवणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने तिच्यावर घातलेले अनिवार्य कर्तव्य होय. परंतु धरण राज्याच्या जलसंपदा खात्याचे, हुकूम जिल्हाधिकाऱ्यांचा, गाडी रेल्वेची. पालिकेच्या हाती उरले ते आलेले पाणी वाटून देण्याचे काम. नांदेडची स्थितीही तत्त्वतः निराळी नाही: गोदावरीवरील विष्णुपुरीच्या जलाशयावर त्या शहराची तहान भागते, पण त्या जलाशयाचे दरवाजे महापौरांच्या आज्ञेने उघडत नाहीत.

नगरसंस्था ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती आहे. तिला स्वतःची मुद्रा असते, ती मिळकत धारण करते, दिवाणी दावा लावते, तिच्यावरही दावा लावता येतो, आणि सदस्य बदलले तरी तिचे अस्तित्व अखंड राहते. मात्र या व्यक्तीस जन्मसिद्ध असा एकही अधिकार नाही. मराठवाड्यात तर तिचा कायदाही पालटत गेला: प्रथम हैदराबाद राज्याचा १९५६ चा जिल्हा नगरपालिका कायदा, नंतर साऱ्या महाराष्ट्रासाठी १९६५ चा एकच अधिनियम, ज्याच्या कक्षेत उदगीर, देगलूर, कंधार ही गावे आजही आहेत आणि ज्यातून नांदेड-वाघाळा २६ मार्च १९९७ रोजी व लातूर २५ ऑक्टोबर २०११ रोजी महानगरपालिका होऊन बाहेर पडले.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या संस्थांस संविधानात स्थान मिळाले. त्या वेळी लोकसभेचे अध्यक्ष असलेले शिवराज पाटील चाकूरकर हे एके काळी लातूरचे नगराध्यक्ष होते, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो. बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आले. तथापि त्यांपैकी किती व कोणत्या मर्यादेत सोपवावयाचे, हे राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर राहिले. परिणामी आयुक्त राज्य शासन नेमते आणि कार्यकारी सत्ता त्याच्याच ठायी असते. सभागृहाचा ठराव महानगरपालिका अधिनियमाच्या ४५१ व्या कलमाखाली शासन तहकूब किंवा रद्द करू शकते, आणि नगरपरिषदेचा ठराव १९६५ च्या अधिनियमाच्या ३०८ व्या कलमाखाली जिल्हाधिकारी रोखू शकतात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर जकातीसारख्या करांचा मार्गही बंद झाला, आणि मालमत्ता कर व पाणीपट्टी वगळता उत्पन्नाचा मोठा भाग शासनाच्या अनुदानावर अवलंबून राहिला. कर्तव्य शहराचे आणि साधने राज्याची, अशी ही वाटणी मला अन्यायाची वाटते.

तरीही जे अधिकार आहेत ते क्षुल्लक नव्हेत, आणि ते लोकनियुक्त सभागृहानेच वापरावेत ही घटनेची आज्ञा आहे. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे २४३-यू हा अनुच्छेद सांगत असता, लातूर व नांदेड येथील सभागृहांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि तेथे प्रशासक बसले. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात रेंगाळले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. दरम्यान काय गमावले, हे एकाच कलमावरून ध्यानात येईल. पुढील वर्षाच्या करांचे दर सभागृहाने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत, असे महानगरपालिका अधिनियमाचे ९९ वे कलम सांगते. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी तो निर्णय ज्यांस मतदारांनी निवडले नव्हते आणि जे मतदारांस उत्तरदायी नव्हते, अशा अधिकाऱ्यांकडे होता. मालमत्ता कराची बिले मात्र नागरिकांच्या दारी नियमाने येत होती.