अपडेट : टाकावं की थांबावं?

इतवारीतली पेढी असो की धंतोलीतला दवाखाना, संगणकावर सुरक्षा अपडेटची सूचना आली की बहुतेकांचा हात ‘नंतर’कडे वळतो. ऐन कामाच्या वेळी मशीन बिघडेल ही भीती खरी आहे. तिच्याभोवती जमलेले समज मात्र तपासायला हवेत.

गैरसमज : अपडेट टाकलं की मशीन बंद पडतं.
वस्तुस्थिती : क्वचित पडतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. पण ती फाइल मायक्रोसॉफ्टच्या मासिक अपडेटमधली नव्हती, आणि बंद पडलेले संगणक जगातल्या विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी होते.

गैरसमज : महिना-दोन महिने थांबलं तर काय बिघडतं?
वस्तुस्थिती : विंडोजमधली एक गंभीर त्रुटी बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ रोजी आलं. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम त्याच त्रुटीतून शिरला आणि सुमारे १५० देशांत पसरला. महाराष्ट्र पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याची बाधा झाली. उपाय ५९ दिवस हाताशी होता.

गैरसमज : आमच्या छोट्या दुकानाकडे कोण बघणार?
वस्तुस्थिती : असे हल्ले दुकानाची पाटी वाचून येत नाहीत, वाटेत उघडा सापडेल तो संगणक धरतात. जून २०१७ मधल्या ‘नॉटपेट्या’ या सायबर हल्ल्याचा रोख युक्रेनवर होता. तरी मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून त्याचा फटका न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलला बसला.

गैरसमज : सूचना येत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे.
वस्तुस्थिती : विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. असा संगणक शांत असतो, सुरक्षित नसतो.

गैरसमज : टाकायचं तर सगळीकडे एकदम, नाहीतर बंदच ठेवायचं.
वस्तुस्थिती : क्रम लावा. फोन आणि ब्राउझरचे सुरक्षा अपडेट लगेच घ्या. मायक्रोसॉफ्टचे मासिक सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री येतात. म्हणजे ८ ते १४ तारखेच्या दरम्यान. बुधवारी डेटाचा बॅकअप घेऊन ते एकाच संगणकावर टाका. टॅली उघडा, बिल छापून बघा. दोन-तीन दिवस नीट चाललं की बाकीच्यांवर टाका. मासिक जीएसटीआर-३बीची मुदत एरवी २० तारखेला असते. त्याआधी हे आटोपतं. अपडेट ज्या त्रुटीसाठी आहे तिचा गैरवापर सुरू असल्याचा इशारा ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं दिला असेल, तर चाचणी त्याच दिवशी उरका. नव्या सोयी देणारे मोठे बदल सवडीनं घेतले तरी चालतात.

फसलेलं अपडेट बहुतेक वेळा काढून टाकता येतं. खंडणीखोरानं कुलूप लावलेला हिशेब बॅकअपशिवाय परत मिळेलच असं नाही. म्हणून थांबायचंच असेल, तर तारीख ठरवून थांबा.