व्यासपीठावरची धडधड

गेल्या पावसाळ्यात पदवीच्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी मरोळच्या माझ्या दवाखान्यात धापा टाकत आली. वर्गात तिला पाच मिनिटांचे भाषण करायचे होते. छातीतील धडधड थांबावी म्हणून तिने आजोबांची रक्तदाबाची गोळी घेतली होती. तशा काही गोळ्यांनी दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आवळल्या जातात, हे तिला ठाऊक नव्हते; आणि तिला लहानपणापासून दमा होता. ती वेळेवर आली म्हणून निभावले.

वाचकहो, भाषणापूर्वीची भीती हा आजार नव्हे. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील ग्रंथी ॲड्रिनलिन स्रवतात. हृदय वेगाने धडधडते, श्वास उथळ होतो, तोंड कोरडे पडते, हात थरथरतात. शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. आपल्याला मात्र एका जागी उभे राहून बोलायचे असते.

विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजीही यातून सुटले नाहीत. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीसाठी ते उभे राहिले आणि एकही प्रश्न न विचारता खाली बसले. १८९६ साली फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत भरलेल्या सभेसाठी त्यांनी भाषण लिहून नेले. पण आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचेना. अखेर ते दिनशा वाच्छांनी वाचून दाखवले. या संकोचामुळेच आपण शब्द जपून वापरायला शिकलो, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे.

श्रोत्याकडे पाहा

महाविद्यालयात वक्तृत्वाचे पहिले पाठ साधे असतात: वक्ता, संदेश, श्रोता, श्रोत्यांचा प्रतिसाद आणि मध्ये येणारे अडथळे. पंख्याची घरघर हा जसा अडथळा, तसाच ‘मी कसा दिसतो?’ हा मनातला गोंगाटही. ‘ऐकणाऱ्याला यातून काय मिळेल?’ असा प्रश्न स्वतःला विचारला, की लक्ष आपल्यावरून श्रोत्याकडे वळते आणि भीतीचा जोर ओसरू लागतो.

तयारी कशी करावी?

भाषणाचा हेतू एका वाक्यात लिहावा. आरंभ, दोन-तीन मुद्दे आणि समारोप एवढीच मांडणी ठेवावी. शब्दन् शब्द पाठ करू नये. एक शब्द निसटला की पुढचे सारे अडते. मुद्दे चिठ्ठीवर लिहून घरच्यांसमोर उभे राहून, घड्याळ लावून मोठ्याने सराव करावा. आदल्या रात्री जागरण टाळावे, सकाळी हलका नाश्ता करावा, चहा-कॉफी बेताने घ्यावी. बोलण्यापूर्वी श्वास नाकाने घेऊन त्याहून सावकाश सोडावा. असे पाच-सहा वेळा करावे. पाण्याचा एक घोट घेऊन मगच पहिले वाक्य उच्चारावे.

पालकांनी ‘यात घाबरण्यासारखे काय आहे?’ असे म्हणू नये. पाच मिनिटे समोर बसून ऐकावे. घरातील औषधे मात्र ज्याची त्यानेच घ्यावीत. भीतीपोटी मूल महिनोन्महिने वर्ग बुडवत असेल, किंवा छातीत दुखणे, भोवळ येणे असे काही होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

त्या मुलीने तीन आठवड्यांनी भाषण केले. विषय तिनेच निवडला होता: दम्याचा पंप कसा वापरावा. ‘हात थरथरतच होते डॉक्टर,’ ती सांगत होती, ‘पण बोलणे पूर्ण झाले.’