पंधरा रुपयांचा परवाना

१९७०च्या दशकात ज्या घरात रेडिओ असे, त्या घरात रेडिओच्या परवान्याचं एक लहानसं पुस्तकही जपून ठेवलेलं असे. वर्षाला साधारण पंधरा रुपये पोस्टात भरायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. टीव्ही घेतला तर पन्नास रुपये. परवान्याशिवाय रेडिओ बाळगणं १९३३च्या कायद्यानं गुन्हा होता. १९८०च्या दशकात हे परवाने रद्द झाले, तेव्हा वर्षाची पोस्टातली एक खेप वाचली म्हणून लोक खूशच झाले. रेडिओचा खर्च मात्र थांबला नाही. तो आता करातून जाऊ लागला आणि आपण नेमके किती देतो हे श्रोत्याला कळेनासं झालं.

निव्वळ श्रोत्यांच्या वर्गणीवर रेडिओ चालवून पाहण्याचा प्रयोग मुंबईतच झाला होता. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. कंपनी खासगी होती. परवाना दहा रुपयांचा, त्यातला मोठा वाटा कंपनीला. पण रेडिओ संच इतका महाग, की १९२९ संपेपर्यंत देशभरातले परवाने आठ हजारांच्या आतच राहिले. १९३०मध्ये कंपनी बुडाली. सरकारनं केंद्रं ताब्यात घेतली आणि दीडेक वर्षात, मंदीच्या काळात, हा खर्च परवडत नाही म्हणून ती बंद करायचंही ठरवलं. लोकांनी ओरड केली, तेव्हा महिना-दीड महिन्यात निर्णय फिरवावा लागला.

सार्वजनिक पैशातून काय उभं राहू शकतं, हे पाहायला पुणे केंद्राचा १९५६ सालचा प्रयोग आठवावा. युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागे. गावातली वीसेक माणसं एकत्र बसून तो ऐकत. खरी गंमत कार्यक्रम संपल्यावर सुरू होई. ऐकलेलं आपल्या रानात जमेल का, यावर मंडळी तिथंच चर्चा करत, शंका पत्रानं पुण्याला कळवत आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. ज्या गावांत अशी मंडळं नव्हती, त्यांच्या तुलनेत या गावांतल्या लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. लिहिता-वाचता न येणारेही त्यात मागे नव्हते. १९५९पासून ही कल्पना देशभर नेण्यात आली.

अशा कार्यक्रमांना कोणता जाहिरातदार मिळाला असता? साबण किंवा दंतमंजन विकणाऱ्याला खिशात पैसा असलेला श्रोता हवा असतो. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, १९७६मध्ये दूरदर्शनवरही आल्या. त्यांनी तिजोरीत भर घातली, यात शंका नाही. पण बोलीभाषेतली बातमी, आदिवासी पाड्यासाठीचा कार्यक्रम किंवा शास्त्रीय संगीताची तासाभराची मैफल जाहिरातीच्या हिशेबात कधीच बसत नाही.

मग सरकारनं पैसे द्यावेत आणि बातमीत हात घालू नये, यासाठी आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९०मध्ये झाला. प्रत्यक्षात तो सप्टेंबर १९९७मध्ये लागू झाला. सात वर्षं कागदावरच राहिला. मधल्या काळात, १९९५मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं रेडिओ लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं स्पष्ट सांगितलं. आज केंद्र सरकार प्रसार भारतीला वर्षाला दोन हजार कोटींहून अधिक अनुदान देतं. त्यातला फार मोठा भाग पगारांवर जातो, कारण ५ ऑक्टोबर २००७पर्यंत नोकरीत आलेल्यांच्या पगाराचा भार सरकारनं उचलला आहे. यंत्रसामग्री आणि प्रक्षेपणासाठी २०२३मध्ये २,५३९ कोटींची वेगळी योजना मंजूर झाली. दुर्गम भागांत आठ लाख मोफत सेट-टॉप बॉक्स वाटणं हा तिचाच भाग. दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ या मोफत डीटीएच सेवेवरच्या जागा खासगी वाहिन्यांना लिलावानं देऊन प्रसार भारती स्वतःही कमावते. पण मोठी रक्कम दरवर्षी मंत्रालयाच्या मार्फतच येते आणि स्वायत्ततेचं घोडं अडतं ते इथंच.

जर्मनीत सार्वजनिक प्रसारणासाठी प्रत्येक घर महिन्याला १८.३६ युरो भरतं. रक्कम किती असावी याची शिफारस स्वतंत्र आयोग करतो. एका राज्यानं वाढ अडवली, तेव्हा २०२१मध्ये घटनात्मक न्यायालयानं ती लागू केली. अमेरिकेत याच्या उलट घडलं. तिथं जुलै २०२५मध्ये संसदेनं आधी मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले आणि १९६७च्या कायद्यानं स्थापन झालेल्या सार्वजनिक प्रसारण महामंडळाला काम गुंडाळावं लागलं. मोठ्या शहरांतली केंद्रं देणग्यांवर तग धरतील. अलास्कातल्या छोट्या गावांसाठी बोलणाऱ्या केंद्रांपुढचा प्रश्न फार अवघड आहे.

पुणेकरांना हा प्रश्न परका नाही. जून २०२३मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला. सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या बातम्या पुण्यातून ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांनी, पत्रकारांनी आणि राजकीय पक्षांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच आदेशाला स्थगिती मिळाली. विरोध करणाऱ्या कुणाच्याही हातात परवान्याचं पुस्तक नव्हतं. तरीही बातम्या आपल्या आहेत, हे त्यांनी ठामपणे सांगितलं.