हाडाची चिठ्ठी

हाडं जमवायची असतील तर सुरुवात जंगलातून करू नये, मटणाच्या ताटातून करावी. मी हे गंभीरपणे सांगते आणि लोक हसतात. पण नळी, चाप, मानेचे मणके, खांद्याचा फरा, गुडघ्याची वाटी हे सगळं रविवारी आपणहून घरात येतं आणि सोमवारी सकाळी कुत्र्यापुढे पडतं. सस्तन प्राण्याच्या सांगाड्याचा निम्मा अभ्यास त्यात आहे. विट्याच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना मला हे समजलं, आणि आता निवृत्तीनंतर कराडच्या घरात माडीवरच्या खोलीतली कपाटं त्याची साक्ष देतात. सासूबाई होत्या तोवर कपाटांना पडदे होते. घरात हाडं ठेवणं त्यांना शेवटपर्यंत मानवलं नाही, आणि मीही त्यांच्याशी कधी वाद घातला नाही.

शिजलेली हाडं अभ्यासाला पुरतात, संग्रहाला नाही. कुकरच्या शिट्ट्यांनी ती भुसभुशीत होतात. त्यासाठी खाटकाकडून कच्ची मुंडी मागून घ्यावी लागते आणि दोन गोष्टी आधीच बजावाव्या लागतात: भाजू नका, आणि भेज्यासाठी फोडू नका. पहिल्यांदा तो आपल्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतो. पुढे सवय होते आणि चांगल्या शिंगांची मुंडी तो स्वतःच बाजूला ठेवतो.

पुस्तकात मात्र ‘सस्तन प्राण्याची कवटी’ एवढंच एक चित्र असतं. माझ्या वर्गात आटपाडीकडची, माणदेशातली धनगरांची मुलं असायची. एकदा टेबलावर दोन बिनशिंगी कवट्या ठेवल्या, एक शेळीची आणि एक मेंढीची, आणि विचारलं, कुठली कुणाची? पहिल्या बाकावरचे हुशार गप्प. मागून एक पोरगा उठून आला, कवटीवर डोळ्याच्या खोबणीपुढे अंगठा ठेवला आणि म्हणाला, “ह्ये मेंढरू हाय, बाई. डोळ्याम्होरं खड्डा बघा. शेरडाला नसतुया.” अगदी बरोबर. मेंढीला डोळ्यापुढे एक ग्रंथी असते, तिच्यासाठी हाडात खळगा असतो. शेळीला तो नसतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात उत्खननातली प्राण्यांची हाडं ओळखायची प्रयोगशाळा आहे. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतून निघालेलं हाड कोणाचं, हे तिथे आजच्या प्राण्यांच्या हाडांशी ताडून ठरवतात. शेळी आणि मेंढी वेगळी करणं जगभरच्या तज्ज्ञांना इतकं जड जातं की अहवालांत बरेचदा ‘मेंढी/शेळी’ असा एकच रकाना असतो. तुकडा लहान असला की तो पोरगाही काही करू शकला नसता म्हणा, पण अख्ख्या कवटीपुढे त्याला कुणी हरवलं नसतं.

दातांचंही तसंच. खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंडाचं तोंड उघडून ‘आदत’, ‘दुसा’, ‘चौसा’, ‘जुळलेला’ असं सांगणारा माणूस वय वाचत असतो. गुरांचे पुढचे दुधाचे दात खालच्याच जबड्यात असतात, वर नुसती कठीण गादी. दोन वर्षांच्या आसपास मधली जोडी पडून पक्के दात येतात, मग जोडीजोडीनं पुढे, आणि चार-पाच वर्षांत जनावर जुळतं. हेच कोष्टक उत्खननातल्या जबड्याला लावलं की ते जनावर कोणत्या वयाला मेलं ते कळतं. लहान वयाचे जबडे पुष्कळ सापडले तर तिथले लोक मांसासाठी जनावरं पाळत होते, म्हातारे जबडे जास्त असले तर दूध किंवा नांगर यांच्यासाठी, असा अंदाज बांधता येतो. जत तालुक्यातल्या माडग्याळच्या मेंढीचं बाकदार नाक तर प्रसिद्धच आहे. तो बाक नुसता कातडीचा नाही, हाडाचा आहे. साध्या दख्खनी मेंढीची कवटी शेजारी ठेवली की लहान पोरालाही दिसतो.

इथे एक गोष्ट बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. मेलेल्या जनावराला, त्याच्या हाडा-कातड्याला हात लावणं हा माझा छंद असला तरी आपल्याच गावांत ती पिढ्यानपिढ्या काही माणसांवर लादलेली सक्ती होती. मेलेली ढोरं ओढायची, आणि त्याबदल्यात गावानं वतन म्हणून हाडकी-हाडवळ्याचा जमिनीचा तुकडा द्यायचा. 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडायला सांगितलं आणि गावोगावी लोकांनी ढोरं ओढायचं नाकारलं. ही वतनं कायद्यानं रद्द व्हायला 1958 साल उजाडावं लागलं. माझा एक विद्यार्थी एकदा म्हणाला, “बाई, आमच्या आज्यानं जे टाकलं, ते तुम्ही आम्हाला मार्कांसाठी हातात देताय.” यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. प्रयोगशाळेत मात्र एक नियम मी कुणाला मोडू दिला नाही: हाडं कुजवायची बादली धुण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमानं. त्यात देशमुख आले, कुलकर्णी आले, सगळे आले.

ढोरं ओढणारे थांबले तरी माळावर गिधाडं होती. एखाद्या बैलाचा त्यांनी बघता बघता सांगाडा करावा, हे माझ्या वयाच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नव्वदच्या दशकात ती संपत गेली. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे कारण 2004 मध्ये सिद्ध झालं, 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर देशातली बहुतेक गिधाडं गेली होती. माळावरचं स्वच्छ, पांढरं हाड त्यांच्याबरोबरच गेलं. आता तिथे कुत्र्यांनी चघळलेले तुकडे मिळतात.

म्हणून साफसफाई आपल्यालाच करावी लागते. पद्धत सोपी आहे, फक्त वास सोसायची तयारी हवी. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादलीत साधं पाणी घालून मुंडी बुडवून ठेवायची आणि गच्चीच्या टोकाला नेऊन विसरायची. जिवाणू मांस खातात. अधूनमधून थोडं पाणी काढून नवं घालायचं, सगळं एकदम बदलायचं नाही, नाहीतर जिवाणूही वाहून जातात. उन्हाळ्यात काही आठवडे पुरतात, थंडीत जास्त लागतात. शिंगाची टोपी आपोआप सुटते आणि आतला हाडाचा गाभा दिसतो. खिलार बैलाचं असं शिंग सुटताना पाहणं हा वेगळाच आनंद आहे. पाणी ओतताना गाळणी लावायची, कारण सुटे झालेले दात त्यातच असतात. नंतर भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात चरबी निघेपर्यंत ठेवायचं, आणि शेवटी औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड पातळ करून त्यात. उकळायचं नाही, चरबी हाडात मुरते आणि पुढे पिवळी पडून बाहेर येते. ब्लीचिंग पावडरला तर हातच लावायचा नाही, ती हाडच खाते. नाकाच्या आत कागदाहून पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्या हलक्या हातानं जपायच्या.

हातमोजे घालायचे, हे वेगळं सांगायला नको. पण एक इशारा ठळक अक्षरात छापावा असा आहे. तडकाफडकी मेलेलं, नाका-तोंडातून न गोठणारं काळपट रक्त आलेलं जनावर दिसलं तर जवळही जाऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. तो काळपुळीचा आजार असू शकतो, तो माणसालाही होतो, आणि त्याचे बीजाणू मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात. ज्यांना हे सगळं नको आणि हाडं मात्र शिकायची आहेत, त्यांच्यासाठी सातारा जिल्ह्यातच शिरवळला 1988 पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथली पहिल्या वर्षाची मुलं गुरांची हाडं हातात घेऊनच शरीररचना शिकतात. मुलगी दहावीला असेल आणि मुंडीकडे बघून नाक मुरडत नसेल, तर तिला हे नाव सांगून ठेवा.

आता जंगल. सागरेश्वरच्या डोंगरात चितळ आणि सांबर आहेत, त्यांची शिंगं दरवर्षी गळतात. फिरायला गेलेल्याला ती वाटेत दिसतात आणि उचलावीशी वाटतात. उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे संरक्षित वन्यप्राण्याचं हाड, शिंग, दात, नख, पीस, अंडं, घरटंसुद्धा सरकारी मालमत्ता आहे. प्राणी आपोआप मेला होता, शिंग गळूनच पडलं होतं, ही सबब चालत नाही. असं काही हातात आलं तर 48 तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. 2022 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर तीन ते सात वर्षं. मोराचं आपोआप गळलेलं पीस तेवढं सवलतीत आहे. मिरजेचे सतार-तंबोरे करणारे कारागीर पूर्वी घोडीसाठी सांबरशिंग वापरत. ज्या पट्टीवर तारा टेकतात आणि जिच्यावर जवारी काढतात, ती घोडी. आता ते दुसरे पदार्थ वापरतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते सांबरशिंगावाचूनच.

मला हा कायदा जाचक वाटत नाही. जंगलातलं शिंग वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडतं, त्याला त्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतं. हरणंही हाडं चघळतात. तरस तर हाडं ओढून बिळाशी ढीग घालतो, हाडं जमवण्यात आपण त्याच्यापुढे कोण? फोटो काढा, जागा लिहून ठेवा, शिंग तिथेच राहू द्या.

जागा लिहून ठेवा, हेच माझं खरं सांगणं आहे. चिठ्ठी नसलेलं हाड म्हणजे कचरा, मग ते कितीही देखणं असो. याचा उत्तम दाखला साताऱ्याच्याच नावावर आहे आणि साताऱ्यात तो फार थोड्यांना माहीत आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं 1911 पासून देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी केली. तिच्या संग्राहकांनी हजारो कातडी आणि कवट्या गोळा केल्या, आणि प्रत्येकीला चिठ्ठी बांधली: गाव, उंची, तारीख, नर की मादी, मापं. कोयनेच्या खोऱ्यात घाटमाथ्यावर धरलेले काही उंदीर त्यात होते. 1918 मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या मार्टिन हिंटन यांनी ते तपासले आणि नाव दिलं ‘सटारी’, म्हणजे साताऱ्याचा. लांब शेपटीचा, झाडांवर राहणारा हा रानउंदीर पुढे बराच काळ घरातल्या काळ्या उंदराचाच एक प्रकार समजला गेला. आज ती स्वतंत्र जाती मानतात, रॅटस सटारी, आणि ती फक्त पश्चिम घाटात सापडते. जुन्या कवट्यांवर कोयनेचं नाव नसतं तर साताऱ्याचा उंदीर कुठे शोधायचा, हेच कुणाला कळलं नसतं. चाळकेवाडीच्या पठारावरची एक पाल 2008 मध्ये साताऱ्याचं नाव घेऊन शास्त्रात आली, तीही अशाच नोंदींवर.

गंमत म्हणजे याच हिंटनसाहेबांवर पुढे वेगळाच संशय आला. 1912 मध्ये इंग्लंडात पिल्टडाउन गावी आदिमानवाची कवटी ‘सापडली’. 1953 मध्ये उघड झालं की माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडून, रंग चढवून ते कुणीतरी पुरलं होतं. हिंटन यांची आद्याक्षरं असलेली एक पेटी संग्रहालयाच्या माळ्यावर मिळाली, तिच्यात तसाच रंग दिलेली हाडं होती. नंतरच्या तपासानं दोष चार्ल्स डॉसन या हौशी संग्राहकावर टाकला. हाडं खरीच होती, चिठ्ठी खोटी होती, आणि तेवढ्यानं चाळीस वर्षं शास्त्रज्ञ चकले.

म्हणून माझ्या कपाटातल्या प्रत्येक पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं असतं: काय, कुठून, कधी, कुणी दिलं, जनावर कशानं मेलं. शिसपेन्सिलच, कारण जेल पेनची शाई दमट हवेत पसरते. कृष्णाकाठचे शिंपले, विहीर खणताना निघालेल्या गारगोट्या, रानातल्या बिया, सगळ्यांना हाच नियम.

आणि एक विनंती. आपल्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत जुन्या शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांत कवट्या, सांगाडे, फॉर्मालिनच्या बरण्या पडून आहेत. 2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राण्यांचं विच्छेदन थांबवायला सांगितलं, त्यानंतर मुलांच्या हाताला लागेल असं तेवढंच उरलंय, आणि त्यातल्या कितीतरींवरच्या चिठ्ठ्या गळून गेल्यात. ते कुणी आणलं, कुठून आणलं, हे सांगणारे शिक्षक आणि शिपाई अजून हयात आहेत. येत्या सुट्टीत त्यांना चहाला बोलवा, बरण्या पुढ्यात ठेवा आणि चिठ्ठ्या लिहून घ्या. त्यात वन्यप्राण्याचं काही निघालं तर आधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा.