डॉक्टर जॉन्सन आणि शब्दांचे मोल

इंग्रजी कोशकार डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन मराठीला परका नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्याचे चरित्र विस्ताराने सांगितले. वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलेले त्याच्या 'रासेलस'चे भाषांतरही त्यांनीच पुरे केले. शास्त्रीबोवांना त्याच्यात पंडित दिसला. बोईसर-तारापूरच्या कामगारांत वावरणाऱ्या आम्हांला त्याच्यातला श्रमिक अगोदर दिसतो.

जॉन्सन १७०९ साली लिचफील्ड गावी एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी जन्मला. ऑक्सफर्डचे शिक्षण पैशाअभावी अर्ध्यावर सुटले. पुढे लंडनमध्ये मासिकांतून लिहून त्याने पोट भरले. १७४६ साली पुस्तकविक्रेत्यांनी त्याला १५७५ पौंडांत कोश करण्याचे काम दिले. मदतनिसांचा पगारही त्यातूनच भागवायचा होता. जॉन्सन ग्रंथ वाचून शब्दांवर खुणा करी, मदतनीस ती वाक्ये उतरून घेत, मग त्या वाक्यांवरून शब्दाचा अर्थ ठरे. तीन वर्षांचे काम नऊ वर्षे चालले. १७५५ साली सुमारे ४२,००० शब्दांचा कोश निघाला. ज्या लॉर्ड चेस्टरफील्डने दीर्घकाळ दुर्लक्ष केले, तो ऐन वेळी स्तुती करू लागला. जॉन्सनने पत्र लिहून त्याचा आश्रय साफ नाकारला. १७५९ साली आईच्या अंत्यविधीच्या खर्चासाठी त्याने 'रासेलस' आठवडाभरात लिहून दिले. लेखन हेही कष्टाचे काम आहे आणि त्याचे दाम मागण्यात कमीपणा नाही, हे त्याने आपल्या उदाहरणाने दाखविले.

कोश हा पंडितांचा खेळ नव्हे. करारात 'कायम' लिहिले की 'कंत्राटी', यावर आमच्याकडे संसार उभा राहतो किंवा मोडतो. अर्थ ठरविणाऱ्याच्या हाती सत्ता असते. म्हणून ती सत्ता कशी वापरली, हे पाहावे लागते.

भाषा एका जागी बांधून ठेवावी, या इच्छेने जॉन्सन कामाला लागला. पण ती कोणाच्याने बांधली जात नाही, असे त्याने अखेरीस प्रस्तावनेत मान्य केले. जमेकात गुलामगिरीत जन्मलेल्या फ्रान्सिस बार्बर याला त्याने शाळेत घातले आणि १७८४ साली मरताना मालमत्तेचा मोठा भाग त्याच्या नावे ठेवला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली, तीही अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. त्याच जोतीरावांच्या भाषेची 'निबंधमाले'ने टर उडविली. शास्त्रीबोवांनी सरकारी नोकरी सोडून १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले, हा त्यांचा स्वाभिमान आम्ही वंद्य मानतो. पण व्याकरणाच्या चुका दाखवून माणसाचे गाऱ्हाणे खोटे ठरत नाही.

पालघरात वारली, मांगेली, वाडवळी बोलल्या जातात. कारखान्यांत भोजपुरीही ऐकू येते. उद्या कोणी कामगार अशुद्ध मराठीत अर्ज घेऊन आला, तर त्याला हसू नका. आधी त्याचे म्हणणे ऐका, मग शब्द नीट लावून द्या. जॉन्सनचा वारसा आम्ही एवढाच समजतो.