मानेसरहून दोघांसाठी: तारांची दिल्ली

कसे जावे: रस्त्याने गुरुग्रामच्या मिलेनियम सिटी सेंटरला, तिथून पिवळी मेट्रो थेट राजीव चौक.

कनॉट प्लेस: रिखी राम यांचे वाद्यांचे दुकान. सुरुवात लाहोरला, १९२०; फाळणीनंतर दिल्लीत. १९६६ मध्ये बीटल्सनी इथून वाद्ये घेतली.

मंडी हाउस: रवींद्र भवनात संगीत नाटक अकादमीचे वाद्यसंग्रहालय. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी.

निजामुद्दीन: अमीर खुसरो (१२५३–१३२५) यांची कबर. आख्यायिका सतारीचे जनकत्व त्यांना देते. अभ्यासक बहुधा अठराव्या शतकातील खुसरो खान यांना.

ओळखायचे कसे? सतारीला पडदे असतात, सरोदला नसतात. तानपुरा फक्त आधारस्वर देतो.

खरेदीपूर्वी: मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचे भोपळे पंढरपूर भागातले.