संत्र्याच्या बाटलीवरील काळ्या रेषा

काटोल, नरखेड, कळमेश्वर हा नागपूर जिल्ह्यातील संत्र्याचा टापू. तेथील फळ बाजारात जाते तेव्हा त्यास लेबलाची गरज भासत नाही. रंग आणि वास हीच त्याची ओळख असते. परंतु त्याच फळाचे सरबत किंवा बर्फी तयार करून एखाद्या महिला बचत गटाने शहरातील मोठ्या दुकानात ठेवावयाचे ठरविले, की पहिला प्रश्न येतो तो बारकोडचा. साधा विंडोज संगणक, त्यावरील एक लहानसा प्रोग्रॅम आणि प्रिंटर एवढ्यावर हे काम होऊ शकते. मात्र ते चुकले तर माल दुकानाच्या दारातून परत येतो आणि छापलेल्या लेबलांचा खर्च गटाच्या अंगावर पडतो.

बारकोडात मालाचे नाव व किंमत लिहिलेली असते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. किरकोळ विक्रीच्या मालावरील या रेषांत केवळ १३ अंकी क्रमांक असतो. नाव आणि किंमत दुकानाच्या संगणकात असते. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय येथील दुकानात च्युइंगगमचे पाकीट प्रथम अशा रीतीने वाचले गेले, तेव्हापासून तत्त्व हेच आहे. म्हणून आधी क्रमांक, मग रेषा. हा क्रमांक मनाने ठरविता येत नाही. भारतात तो जीएस१ इंडिया या संस्थेकडे नोंदणी करून मिळतो आणि त्याचा आरंभ ८९० या अंकांनी होतो. (८९० म्हणजे माल भारतातच तयार झाला, असे नव्हे, नोंदणी येथे झाली, एवढाच त्याचा अर्थ.)

तेरावा अंक हा पडताळणीचा अंक होय. उदाहरणादाखल पहिले बारा अंक ८९०१२३४५००१८ असे घेऊ. डावीकडून विषम स्थानांच्या अंकांची बेरीज १५ येते. सम स्थानांची बेरीज २६. तिची तिप्पट ७८. एकूण ९३. पुढील दशक पूर्ण होण्यास ७ हवेत, म्हणून तेरावा अंक ७. कोणताही एक अंक चुकीचा वाचला गेला, तरी हा हिशेब जुळत नाही आणि यंत्र तो क्रमांक नाकारते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही बहुधा पकडली जाते. मात्र त्या अंकांत ५ चा फरक असेल, तर ही चाळणी फसते.

खरी कसोटी छपाईत लागते. स्कॅनर रेषांची उंची पाहत नाही, तो रेषा आणि मोकळ्या जागा यांची रुंदी मोजतो. या बारकोडातील सर्वांत बारीक रेषेची प्रमाण रुंदी ०.३३ मिलिमीटर आहे. इंचाला २०३ ठिपके उमटविणाऱ्या लेबल प्रिंटरचा एक ठिपका सुमारे ०.१२५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे या रेषेस २.६४ ठिपके हवेत. अर्धवट ठिपका उमटविता येत नाही. मग काही रेषा दोन ठिपक्यांच्या, काही तीन ठिपक्यांच्या होतात आणि वाचन बिघडते. यास्तव प्रोग्रॅमने प्रिंटरची क्षमता आधी विचारून घ्यावी व प्रत्येक एककास पूर्ण तीन ठिपके द्यावेत. रेषा ०.३७५ मिलिमीटरची होईल. तेवढी वाढ नियमात बसते. पडद्यावरील चित्र ताणून वा आकसून छापणे मात्र सर्वथा टाळावे. कागदावर मावेल असे करण्याची प्रिंटरची सोयही अशा वेळी बंद ठेवावी. डाव्या बाजूस ११ व उजव्या बाजूस ७ एककांची कोरी जागा सोडणे आवश्यक आहे. सजावटीच्या हौसेपोटी हीच जागा बहुधा प्रथम बळी पडते.

संत्र्याच्या लेबलास रंगही नारिंगी हवा, हे साहजिकच. परंतु बहुतेक स्कॅनरचा प्रकाश तांबडा असतो आणि त्या प्रकाशात नारिंगी रंग पांढऱ्यासारखा दिसतो. पांढऱ्यावर नारिंगी रेषा छापल्या तर माणसाला त्या स्पष्ट दिसतील, यंत्राला काहीच दिसणार नाही. उलट नारिंगी पार्श्वभूमीवरील काळ्या रेषा सहसा बिनचूक वाचल्या जातात.

शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके किंवा ग्रामपंचायतीच्या जडवस्तूंची नोंद यांसाठी मात्र कोणत्याही नोंदणीची गरज नाही, कारण तो क्रमांक त्या संस्थेपुरताच असतो. तेथे कोड ३९ अथवा कोड १२८ ही पद्धत वापरता येते. कोड ३९ चा फाँट संगणकात असला, की क्रमांकाच्या आधी व नंतर ताराचिन्ह देऊन काम भागते. कोड १२८ कमी जागा घेतो. पण त्यात पडताळणीचे चिन्ह गणित करून घालावे लागते, नुसत्या फाँटने ते होत नाही. येथे मराठी कार्यालयांना एक अडचण हमखास येते. दाखल क्रमांक नोंदवहीत देवनागरी अंकांत असतो आणि या दोन्ही पद्धतींना ते अंक ठाऊक नाहीत. प्रोग्रॅमने ते आधी इंग्रजी अंकांत बदलावेत. रेषांखाली वाचकासाठी देवनागरी अंक छापण्यास काहीच हरकत नाही.

पूर्ण गठ्ठा छापण्यापूर्वी चार लेबले काढून ती प्रत्यक्ष बाटलीवर चिकटवावीत व ज्या दुकानात माल जावयाचा, तेथीलच स्कॅनरवर वाचून पाहावीत. बाटली अरुंद असेल तर रेषा शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या घ्याव्यात, म्हणजे काचेच्या गोलाईत त्या वळून नजरेआड होत नाहीत.